चारशे पौंड आणि एक लिटर

घाटनांदूरला समुद्र नाही. अंबाजोगाई तालुक्यातलं हे गाव बालाघाटच्या पठारावर, परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे. या भागातलं मोठं पाणी म्हणजे केज तालुक्यात धनेगावला अडवलेली मांजरा. त्या जलाशयात मासेमारी चालते, पण ती बहुतेक वल्ह्यावर. धरणही भरवशाचं नाही. २०१६ साली ते कोरडं पडलं आणि लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा मुलखात होडीचं जुनं इंजिन कसं पारखावं याचा धडा कशाला, असं कोणी विचारलं तर ते रास्तच म्हणावं लागेल.

पण विहिरीवरचं पाच एचपीचं इंजिन आणि लहान होडीतलं इंजिन ही एकाच घरातली भावंडं आहेत. बांगलादेशात तर ती भावंडंसुद्धा नाहीत, एकच इंजिन दोन्ही कामं करतं. तिथे भातशेतीसाठी उथळ नलिकाकूप आले आणि त्यांवर बसवायला स्वस्त डिझेल इंजिनं आली. पावसाळ्यात शेतात गुडघाभर पाणी, मग पंपाला काम काय? १९८० च्या दशकात लोकांनी हीच इंजिनं उचलून लाकडी नावांवर चढवली, मागे दांडा आणि पंखा जोडला, आणि काही वर्षांत त्या देशातली नदीवरची वाहतूक बदलून गेली. तिथे आजही अशा यंत्राला ‘शॅलो’ म्हणतात, कारण ते मुळात उथळ विहिरीवरचं.

आपल्याकडे इंजिन विहिरीवरच राहिलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवून तिथे लोखंडी नांगर घडवले, आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. नांगर आणि डिझेल इंजिनं बनवणारा हा गृहस्थ १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचा पहिला पंतप्रधान होता, हे आज फारसं कोणाला आठवत नाही. गुजरातेत राजकोटच्या कारखान्यांनी इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या जड, संथ इंजिनाच्या नकला केल्या; मिनिटाला ६५० फेऱ्यांवर सहा एचपी देणारं ते धूड कित्येक विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांत धडधडत राहिलं. पुढे वीज आली. घाटनांदूरच्या शेजारी परळीला १९७१ पासून औष्णिक वीज केंद्र चालतं. पण शेतीच्या विजेचे तास मोजके, त्यातले बरेच रात्रीचे. त्यामुळे शेडमधलं जुनं इंजिन मोडीत काढायला शेतकऱ्याचा हात धजत नाही, आणि ज्याच्याकडे नाही तो जुनं शोधत फिरतो.

तर जुनं इंजिन बघायला जायचंय. विहिरीसाठी असो की होडीसाठी, विकणारा तेच दाखवणार: नवा रंग, चालू इंजिन, एकसारखा आवाज. या तिन्हींवर विश्वास ठेवू नये असं मी म्हणतो. रंगाचं कारण उघड आहे. चालू इंजिनाचं आणि एकसारख्या आवाजाचं कारण मात्र समजून घेण्यासारखं आहे, आणि त्यासाठी डिझेल इंजिन पेटतं कसं तिथपासून सुरुवात करायला हवी.

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही, प्लग नाही. सिलिंडरमध्ये नुसती हवा ओढायची, ती दाबायची, आणि दाबल्यामुळे तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारायचा. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, तीच ही उष्णता, फक्त कित्येक पट जास्त. किर्लोस्करच्या एव्ही-१ या पाच एचपीच्या इंजिनाचे आकडे घेऊ, कारण ते खेड्यापाड्यांत सर्वांना ओळखीचं आहे. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर, दाबाचं प्रमाण साडेसोळास एक. म्हणजे साधारण ५५३ घनसेंटिमीटर जागा पिस्टन झाडून काढतो आणि तो अगदी वर आला की हवेला उरते फक्त ३६ घनसेंटिमीटर जागा, दोन-अडीच टेबलचमचे मावतील एवढी. तीस अंशांची हवा तेवढ्या जागेत कोंबली तर कागदावरच्या हिशोबाने तिचं तापमान पाचशे अंशांच्या पुढे जातं. डिझेलला आपोआप पेट घ्यायला अडीचशेच्या आसपास पुरतं. मधली तफावत ही गळतीसाठी, थंड लोखंडासाठी आणि सकाळच्या गारठ्यासाठी ठेवलेली शिल्लक आहे. इंजिन झिजतं तसतशी ही शिल्लक संपत जाते.

रुडॉल्फ डिझेलला स्वतःला या दाबाने पहिल्याच दिवशी हिसका दाखवला होता. १० ऑगस्ट १८९३ रोजी जर्मनीत आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याचं पहिलं इंजिन प्रथमच पेटलं, आणि आतला दाब नोंदवायला लावलेलं इंडिकेटर नावाचं उपकरण फुटून उडालं. दाब मोजणारं उपकरण दाबाला पुरेसं असावं लागतं, हा धडा तेव्हापासूनचा आहे. आजही मोटरसायकलच्या गॅरेजमधलं पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन गेज, ज्याचा काटा तीनशे पौंडांवर संपतो, ते डिझेल इंजिनाला लावण्याचा मोह काहींना होतो. लावू नये. डिझेलसाठी हजार पौंडांपर्यंतचं वेगळं गेज मिळतं. तालुक्याच्या ठिकाणच्या डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात ते असतं, आणि ओळखीवर किंवा थोड्या भाड्यावर फिटरसकट मिळतं.

मिस्त्री ‘पौंड’ म्हणतो तेव्हा त्याला एका चौरस इंचावरचे पौंड म्हणायचे असतात. चौदा पौंड म्हणजे एक किलोच्या जवळपास, प्रति चौरस सेंटिमीटर. चांगल्या डिझेल इंजिनाला स्टार्टरने फिरवलं की साधारण साडेतीनशे ते पाचशे पौंड दाब दिसतो. तीनशेच्या खाली काटा आला की संशय घ्यायचा. नेमका आकडा ज्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो आणि तोच खरा. पण पुस्तिका हरवलेली असेल, आणि जुन्या इंजिनाची ती हमखास हरवलेली असते, तर चारशे हा मनात धरायला बरा आकडा आहे.

आता गेज लावायचं कसं. नोझल काढायचं, त्याच्या भोकात गेजचा ॲडॅप्टर बसवायचा. नोझलखालचं तांब्याचं वॉशर परत बसवताना नवं घालायचं; पाच-दहा रुपयांसाठी जुनंच दाबून बसवलं की तिथूनच फुसफुस सुरू होते आणि निष्कारण इंजिनाला दोष लागतो. डिझेलचा पुरवठा बंद. टॅपेटचं अंतर फीलर गेजने आधी बघून घ्यायचं, कारण टॅपेट आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि निरोगी इंजिनही आजारी दिसतं. गेजच्या नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह सिलिंडरकडच्या टोकाला असायला हवा. तो गेजकडच्या टोकाला असला तर नळीतली पोकळी त्या ३६ घनसेंटिमीटरमध्ये मिळवली जाते. पाच घनसेंटिमीटरची पोकळी म्हणजे किरकोळ वाटते, पण दाबाचं प्रमाण साडेसोळावरून साडेचौदावर येतं. तेवढ्याच आकाराच्या पेट्रोलच्या इंजिनात हा फरक कमी जाणवतो. डिझेलमध्ये आतली जागाच एवढी थोडी की सगळ्या सवयी बदलाव्या लागतात.

हॅंडलचं इंजिन असेल तर एकाने दाब सोडून देणारा डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून धरायचा, दुसऱ्याने फ्लायव्हीलला चांगला वेग द्यायचा, आणि मग खटका सोडायचा. एक-दोन दाब मिळतात. असं तीन-चारदा करावं, काटा जिथे स्थिरावेल तो आकडा घ्यावा. स्टार्टर असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली हवी. मरतुकड्या बॅटरीवर इंजिन हळू फिरतं, आणि हळू फिरलं की दाब कमीच दिसणार.

हे ‘हळू’ फार महत्त्वाचं आहे. पंधराशे फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनात हवा दाबण्याची क्रिया सेकंदाच्या पन्नासाव्या भागात उरकते. हाताने दीडशे फेऱ्यांच्या वेगाने फिरवलं तर तीच क्रिया दहापट वेळ घेते. झिजलेल्या रिंगांच्या फटीतून निसटायला हवेला दहापट सवड. म्हणूनच जुनं इंजिन सकाळी हॅंडल मारून मारून घाम काढतं, आणि एकदा लागलं की दिवसभर बिनतक्रार चालतं. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तुम्ही फोन करून येणार असाल तर तुमच्या आधी तासभर इंजिन चालवून ठेवलेलं असतं. पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे हेडवर हात ठेवून बघणं. कोमट लागलं तर चहा घ्यावा, गप्पा माराव्यात, दुपारचं जेवणही करावं, पण ते गार झाल्याशिवाय चाचणी करू नये.

घाटनांदूरच्या खरेदीदारासाठी आणखी एक गोष्ट, जी किनाऱ्यावरचा मिस्त्री सांगणार नाही. बालाघाटचं पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. इंजिन ओढतंच कमी हवा, म्हणून दाबतंही कमी. रत्नागिरीच्या बंदरात चारशे पौंड दाखवलेलं इंजिन इथे आणून मोजलं तर पावणेचारशेच्या आसपास दाखवेल, आणि त्यात विकणाऱ्याने फसवलेलं काही नसेल. ताकदही त्याच हिशोबाने थोडी उतरते. उलट दिशेने, पठारावरून किनाऱ्यावर जाणाऱ्या इंजिनाचा आकडा सुधारतो.

गेज नसेल तर? जुने मिस्त्री गेजशिवायच काम करत आले आहेत, आणि त्यांची रीत अडाणी नाही. खटका खाली ठेवून हॅंडल अगदी सावकाश फिरवायचं. इंजिन कॉम्प्रेशनवर आलं की हाताला अडतं. तिथे जोर कायम ठेवून थांबायचं. चांगलं इंजिन तुम्हाला मागे ढकलत राहतं, सोडलं तर फ्लायव्हील उलटं झुकतं. गेलेलं इंजिन दोन-तीन सेकंदांत मऊ पडतं आणि हॅंडल आपसूक पुढे सरकतं. त्या दोन सेकंदांत हवा कुठून तरी निसटत असते, आणि ती कुठून हे कानाने कळतं. एअर क्लीनर काढून कान लावला आणि तिथे फुसफुस ऐकू आली तर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह बसत नाही. सायलेन्सरमध्ये ऐकू आली तर धूर सोडणारा व्हॉल्व्ह. ऑईल भरायच्या तोंडाशी किंवा ब्रीदरपाशी ऐकू आली तर रिंगा आणि लायनर. थंड करायच्या पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, किंवा देव न करो, हेडलाच तडा.

हीच परीक्षा पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर आणखी चांगली होते. पिस्टन नेमका वर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले अशा स्थितीत आणायचा आणि नोझलच्या भोकातून सात किलोची हवा सोडायची. आवाज मोठा, स्पष्ट, आणि सावकाश ऐकता येतो. एकच जपायचं: ८० मिलिमीटरच्या पिस्टनवर सात किलोचा दाब म्हणजे साडेतीनशे किलोंचं बळ. पिस्टन जरा जरी वरच्या नेमक्या बिंदूपासून ढळलेला असेल तर फ्लायव्हील झटक्यात फिरतं. हॅंडल आधी काढून ठेवावं, फ्लायव्हील अडकवून ठेवावं, आणि पोरांना लांब बसवावं.

एक जुनी युक्ती मात्र डिझेल इंजिनात जपून वापरावी. दाब कमी आला की सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकायचं आणि पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा. पेट्रोल इंजिनाच्या गॅरेजमधून ही रीत आली आणि तिथे ती बरोबर आहे. इथे मात्र ३६ घनसेंटिमीटर जागेत मोठा चमचा, म्हणजे पंधरा मिलिलिटर ऑईल ओतलं की हवेला उरतात एकवीस. दाबाचं प्रमाण साडेसोळावरून थेट सत्तावीस-अठ्ठावीसवर. दाब वाढणारच, रिंगा नव्या असोत की जुन्या. शिवाय अशा इंजिनाच्या पिस्टनच्या माथ्यावर वाटीसारखा खळगा असतो. ऑईल त्या खळग्यात साठून राहतं, कडेच्या रिंगांपर्यंत पोहोचतच नाही. आणि फार ओतलं तर पिस्टन वर येताना त्याला जागाच उरत नाही. ऑईल दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. दुसऱ्याच्या इंजिनाची परीक्षा करताना त्याचा रॉड वाकवून ठेवणं बरं दिसत नाही.

लिस्टर पद्धतीच्या काही जुन्या इंजिनांच्या हेडवर बाजूला एक छोटं हातचाक असतं. ते आवळलं की दाब वाढतो आणि इंजिन सहज लागतं. जड कामाला लावताना ते सैल करायचं. गेज लावण्याआधी हे चाक कुठल्या स्थितीत आहे ते बघावं. बहुतेक जण बघत नाहीत.

दाब कमी निघाला म्हणजे व्यवहार मोडला असं नाही. टॅपेट फुकटात बसतो. व्हॉल्व्ह घासून बसवायला एक दिवस लागतो. गॅस्केट स्वस्त. रिंगा त्याहून महाग, लायनर-पिस्टनचा संच आणखी महाग, आणि क्रॅंकपर्यंत गोष्ट गेली तर नव्या इंजिनाची जाहिरात वाचायला घ्यावी. फुसफुस कुठून येते हे कळलं की किंमत किती पाडून मागायची ते कळतं. सायलेन्सरमधून येणारी फुसफुस ही खरेदीदाराची मित्र आहे. विकणारा घाबरतो, आणि दुरुस्ती मात्र एका दिवसाची असते. ब्रीदरमधून निळसर धूर भकाभका येत असेल तर मात्र हात आखडता घ्यावा.

आता आवाजाकडे येतो. इंजिन एकसारखं चालतंय, फेऱ्या कमी-जास्त होत नाहीत, मग ते आजारी कसं? याचं उत्तर गव्हर्नर. फेऱ्या कमी झाल्या की गव्हर्नर पंपाचा दांडा सरकवून जास्त डिझेल सोडतो, वाढल्या की कमी करतो. त्याचं काम वेग राखण्याचं, आणि ते तो इमानाने करतो. सिलिंडरमध्ये दाब पुरेसा नसेल तर डिझेल उशिरा पेटतं, अर्धवट जळतं, ताकद कमी पडते, फेऱ्या घटायला लागतात. गव्हर्नर लगेच जास्त डिझेल ओततो आणि फेऱ्या जागेवर येतात. ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. गव्हर्नर आजार झाकतो आणि त्याची किंमत डिझेलच्या कॅनमधून वसूल करतो. म्हणून दाबाच्या परीक्षेची दुसरी बाजू म्हणजे डिझेलची परीक्षा. पहिली सांगते इंजिन किती झिजलंय, दुसरी सांगते ती झीज दर तासाला किती रुपये खाते.

निरोगी छोटं डिझेल इंजिन पूर्ण ओझ्यावर एका एचपीला तासाला साधारण १८५ ग्रॅम डिझेल घेतं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साडेआठशे ग्रॅमही भरत नाही. म्हणजे एका एचपीला तासाला ०.२२ लिटर. पाच एचपीला सव्वाअकराशे मिलिलिटरच्या आत, ढोबळपणे अकराशे. राज्यातल्या बऱ्याचशा अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत याच कुळातलं एक किर्लोस्कर इंजिन असतं आणि विद्यार्थी काचेच्या खुणांच्या नळीतून दहा घनसेंटिमीटर डिझेल किती सेकंदांत संपतं ते घड्याळ लावून मोजतात. पूर्ण ओझ्यावर पाच एचपीला तेहेतीस सेकंदांच्या आसपास लागतात.

शेतात नळी नसते, बाटली असते. एक लिटरची बाटली टाकीऐवजी जोडायची. नोझलकडून जादा डिझेल परत आणणारी बारीक नळीही त्याच बाटलीत सोडायची, नाहीतर परतलेलं डिझेल टाकीत जाईल आणि इंजिनावर उगाच आळ येईल. मग खरं ओझं द्यायचं. मोकळं फिरणारं इंजिन कितीही झिजलेलं असलं तरी थोडंच डिझेल घेतं. मोकळ्या इंजिनाची परीक्षा ही परीक्षाच नव्हे. पंप जोडून, पाणी वर चढवत, बाटली किती मिनिटांत रिकामी होते ते बघायचं.

किती मिनिटांत व्हायला हवी? विहीर पंधरा मीटर खोल, पंप सेकंदाला दहा लिटर पाणी फेकतोय असं धरू. दहा लिटर पाणी सेकंदाला पंधरा मीटर उचलायला जवळजवळ दीड किलोवॅट, म्हणजे दोन एचपी लागतात. पण पंप आणि पाइप मिळून निम्मी ताकद वाटेतच खातात, म्हणून इंजिनाला चार एचपी द्यावे लागतात. चार गुणिले ०.२२, तासाला सुमारे ०.८८ लिटर. बाटली अडुसष्ट मिनिटं चालायला हवी, आणि तेवढ्यात चाळीस हजार लिटर पाणी वर यायला हवं. ती पन्नास मिनिटांत संपली आणि पाणी तेवढंच आलं, वर सायलेन्सरमधून काळा धूर, तर गव्हर्नर काय लपवत होता ते उघडं पडलं. अर्थात दोष पंपाचा असू शकतो, गंजलेल्या फुटव्हॉल्व्हचा किंवा अरुंद पाइपचाही. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं हेच सांगत आली: इंजिनाला शिव्या देण्याआधी फुटव्हॉल्व्ह आणि पाइप बघा. विहिरीचं गार पाणी थेट इंजिनातून फिरवल्यानेही डिझेल वाढतं, कारण अति गार लायनरवर ज्वलन नीट होत नाही आणि आत आम्लाचा ओलावा धरतो. बाहेर पडणारं पाणी हाताला चांगलं ऊन लागायला हवं.

होडीवर हिशोब बदलतो, आणि इथे विहिरीवर तयार झालेली अक्कल फसते. विहिरीवरचं इंजिन एकाच वेगाने चालतं, होडीचं इंजिन तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्याच्या मर्जीने. संथ, जड होडी पाण्यातून ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एक उदाहरण. सहा नॉट, म्हणजे तासाला सहा सागरी मैल वेगाला वीस एचपी लागणारी होडी आहे. दहा सागरी मैलांचं अंतर एक तास चाळीस मिनिटांत कापेल आणि तासाला ४.४ लिटरने सव्वासात लिटरच्या वर डिझेल पिईल. तीच होडी पाच नॉटने चालवली तर ताकद लागते साडेअकरा एचपीच्या आसपास. अंतर कापायला दोन तास लागतात, पण डिझेल पाच लिटरच. वीस मिनिटं जास्त आणि डिझेल तीस टक्के कमी. किनाऱ्यावर मच्छीमारांना डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा मिळवून देण्यासाठी सहकारी संस्था फायली फिरवत असतात. लिव्हर जरा मागे ओढून त्याहून जास्त वाचतं, पण बाजार गाठायची घाई असते हेही खरं.

म्हणून होडीच्या इंजिनाची परीक्षा बंदरात उभ्या होडीवर अर्धीच होते. बाहेर नेऊन लिव्हर पूर्ण पुढे ढकलायचं आणि इंजिन प्लेटवर लिहिलेल्या फेऱ्या गाठतं का बघायचं. गाठत नसेल आणि काळा धूर येत असेल तर तीन शक्यता: पंखा मोठा बसवलाय, होडीच्या तळाला शेवाळ-शिंपल्यांची पुटं चढलीत, किंवा इंजिन गेलंय. तिन्हींचा धूर एकसारखाच. यांतून इंजिनाला वेगळं काढतं ते दाबाचं गेज, म्हणून ते आधी लावलेलं असावं. मोठ्या ट्रॉलरवर बहुधा ट्रकच्याच घराण्यातली सहा सिलिंडरची इंजिनं असतात. तिथे एकेका आकड्यापेक्षा सहांमधला फरक बोलतो. पाच सिलिंडर चारशेच्या आसपास आणि एक तीनशे, तर त्या एकाचं हेड उघडावं. शेजारशेजारचे दोन पडलेले असतील तर मधलं गॅस्केट.

खाऱ्या पाण्याचे आजार वेगळेच. धुराच्या नळीला थंड करणारं समुद्राचं पाणी नळी कुजली की उलटं सिलिंडरमध्ये शिरतं, आणि होडी महिनाभर बांधून ठेवली तर लायनरला गंजाचे खड्डे पडतात. मासेमारीच्या मोसमी बंदीच्या काळात नांगरून ठेवलेल्या होडीचं इंजिन विकत घेताना हॅंडलने एक पूर्ण फेरा सहज फिरतोय ना, हे सगळ्यात आधी बघावं.

मालवणकडे दिसणारी होडीच्या पाठीवर टांगायची इंजिनं, दोन फटक्यांची, पेट्रोलवर किंवा पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी, यांना चारशे पौंडांची मोजपट्टी लावायची नाही. पेट्रोलचं चांगलं इंजिन शंभर-सव्वाशे पौंड दाखवतं, रॉकेलचं त्याहून कमी, कारण रॉकेल जास्त दाबाला ठोकायला लागतं म्हणून बनवतानाच दाब कमी ठेवलेला असतो. प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून मोजायचं, आणि दोन सिलिंडरमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. इंधन मात्र तेवढ्याच ताकदीच्या डिझेलच्या जवळजवळ दुप्पट धरावं.

राहिला टाकीचा प्रश्न. किती डिझेल घेऊन निघायचं? पाण्यावरची जुनी रीत तीन भागांची आहे: एक जायला, एक यायला, एक वाऱ्यासाठी आणि भरतीओहोटीसाठी. वरच्या वीस एचपीच्या होडीला दहा मैल जाऊन यायचं असेल तर सहा नॉटला साडेचौदा-पंधरा लिटर लागतात, म्हणजे टाकीत बावीस हवेत. जुनं, नव्याने घेतलेलं इंजिन असेल तर पहिल्या काही फेऱ्यांना पंचवीस धरावेत, आणि दर फेरीला टाकीत पट्टी बुडवून खरा आकडा वहीत लिहावा. विहिरीवर डिझेल संपलं तर सायकलवर कॅन बांधून आणता येतं. आणल्यावर नळीत शिरलेली हवा काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार येईपर्यंत हातपंप मारायचा, मग पंपाकडचा नट, मग नोझलकडचा. होडी घेणाऱ्याने हे काम धक्क्यावर उभं असतानाच दोनदा करून हात बसवून घ्यावा, आणि त्या नटांना बसणारा पाना होडीतच ठेवावा.